बॉनेटवर कवठ पडलं! रंग न लावता पोचा निघतो का?

कसब्यातली (पुणे)

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ची स्विफ्ट, लाल. रंग अजून कंपनीचाच, कुठेही हात लावलेला नाही.

आमच्या सोसायटीत पार्किंगच्या कडेला कवठाचं झाड आहे. महाशिवरात्रीच्या आधी महिनाभर तिथे कुणी गाडी लावत नाही, हा अलिखित नियम. मी लावली, कारण त्या रात्री माझ्या जागेवर कुणाच्या तरी पाहुण्यांची गाडी होती. सकाळी बघते तर बॉनेटवर वाटीएवढा पोचा आणि कवठ खाली जसंच्या तसं, त्याला साधी चीरही नाही. (त्याची चटणी केली. राग कुठेतरी काढायचा होता.)

बॉनेटच्या निमित्ताने गाडीभोवती फिरले तेव्हा दुसरा पोचा दिसला. डावीकडच्या मागच्या दारावर, बहुतेक बाइकच्या लेगगार्डचा. हा गोल नाही. दोन-अडीच इंच लांबीची घडीच पडली आहे, आणि तीही दारावरून जी आडवी रेघ जाते तिच्यावरच.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दोन्हीकडे नुसती नजर टाकली आणि सांगितलं, दोन्ही पॅनल पूर्ण रंगवावे लागतील, साडेनऊ हजार अधिक जीएसटी, गाडी चार दिवस ठेवा. ऑफिसात गाड्या पुसणाऱ्या दादांनी दुसऱ्या एकाचा नंबर दिला. त्याला फोटो पाठवले तर दोन मिनिटांत उत्तर: रंगाला हात न लावता दोन्ही काढतो, साडेतीन हजार, तासाभरात, गॅरंटी. एकदम इतकं स्वस्त आणि इतकं झटपट म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकते.

मध्यंतरी आमच्या ह्यांनी व्हिडिओ बघून दारावर कढत पाणी ओतलं आणि मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप लावून ओढलं. पंप निघाला, पोचा जागच्या जागी.

हे रंग न लावता काढणं खरंच असतं का? नंतर पोचा परत येतो का? गंज धरतो का?

मीपण_पुणेकर

आधी ते पाहुणे कुणाचे ते सोसायटीच्या ग्रुपवर विचारा. आणि चटणीत गूळ किती घातलात? माझी दरवेळी आंबट होते.

उद्यमनगरचा_डेंटर (कोल्हापूर)

ताई, पहिलं म्हणजे साहेबांना सांगा, पंप मोरीतच ठेवा. कढत पाण्यानं सरळ होतो तो प्लास्टिकचा बंपर. पत्रा पाण्याला दाद देत नाही. केस वाळवायच्या मशीननं तापवून वर बर्फ फिरवायचेही व्हिडिओ आहेत, तेही करू देऊ नका. पोचा राहतो आणि रंगाला तडा जायची भीती.

मी आठवीनंतर शाळा सोडून उद्यमनगरात चुलत्याच्या गॅरेजला लागलो. हातोडी, डॉली (पत्र्यामागं टेकवायचा लोखंडी ठोकळा), लांबी (खड्डा भरायची पुट्टी), पेपर यातच हयात गेली. गेली अकरा वर्षं रॉडचं कामही करतो, म्हणजे रंग न लावता मागून रॉडनं पोचा काढायचं, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो, जास्त नाही. वर कवठ पडलं की तो आत वाकतो. पण पोच्यातला बराचसा पत्रा नुसता वाकलेला असतो, ताणलेला नसतो. तो परत जागेवर यायलाच बघत असतो, मधला थोडासा भाग त्याला धरून ठेवतो. तेवढा भाग मागून रॉडनं थोडा थोडा उचलला की बाकीचा आपसूक येतो. उचलताना कडेला उंचवटा उठतो, तो वरून प्लास्टिकच्या टोकानं हलक्या हातानं बसवायचा. आतून दाब, वरून टिचकी, असं शेकडो वेळा. जादू काही नाही, मान मात्र आखडते.

रंग का टिकतो? कंपनीत बॉडी रंगवतात तेव्हा तिच्यात सीट नाही, वायर नाही, रबर नाही. त्यामुळं १४० डिग्रीच्या आसपास भाजता येते. आमच्या रंगाच्या बूथमध्ये तयार गाडी उभी असते, तिथं ६०-७० डिग्रीवर थांबावं लागतं. कंपनीच्या रंगाची सगळी जाडी मिळून १००-१५० मायक्रॉन, आणि तो पत्र्याला घट्ट धरून असतो. एकदा लांबी भरून रंगवलेल्या पॅनलवर हे काम करायला मी कचरतो, लांबी वाकत नाही, तडकते. तुमचा रंग कंपनीचा आहे ही निम्मी लढाई जिंकली समजा.

आता तुमचा पोचा कुठला ते तुम्हीच बघा. किती मोठा आहे ते सोडा, कड किती टोकदार आहे ते बघा. ताटाएवढे पसरट पोचे मी चहा निवायच्या आत काढलेत आणि रुपयाएवढ्या टोकदार पोच्यापुढं हात जोडलेत. रात्री गाडी ट्यूबलाइटखाली लावा. रंगात ट्यूबचं प्रतिबिंब दिसेल. त्यावर नजर ठेवून डोकं हळूहळू सरकवा. पोच्यावर ट्यूब वाकून पुढं परत सरळ झाली, तर पोचा मऊ. ट्यूब एका जागी मोडल्यासारखी दिसली, तर तिथं पत्रा ताणलाय. मग त्या जागेवर नख फिरवा. नख अडकलं म्हणजे रंग तडकलाय. तिथं रॉडचा विषय संपला, कारण तड्यातून पाणी जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो. रंग अखंड असेल तर गंजाची काळजी नाही, आणि नीट काढलेला पोचा परत येत नाही.

बॉनेट उघडून खालून बघा. आत दुसरा पत्रा असतो, सांगाड्यासारखा, मोठमोठी भोकं असलेला. पोचा भोकावर आला तर रॉड सरळ पोचतो. पट्टीवर आला तर आडून घालावा लागतो, वेळ जातो. दाराची गोष्ट वेगळी. काच खाली करून फटीत पाचर घालायची आणि तिथून रॉड उतरवायचा. आत धडकेसाठी आडवी दांडी असते, ती नेमकी आड येते. त्यात तुमची घडी रेघेवर. रेघ म्हणजे पत्रा प्रेसमध्ये आधीच वाकून कडक झालेली जागा. ती शंभर टक्के निघेल असं फोटोवरून सांगणाऱ्याला मी तरी गाडी देणार नाही.

त्याला फोनवर तीन गोष्टी विचारा. मागून हात कुठून घालणार? आतून ड्रिल मारणार का? मारणार म्हणाला तर फोन ठेवा. भोकाला रबरी बूच लावून देतात, पण ड्रिलनं उघडा पडलेला पत्रा आतून गंजत राहतो. आणि गोंदानं ओढणार का? गोंद वाईट नाही. जिथं मागून वाट नाही तिथं वर प्लास्टिकची टिकली गरम गोंदानं चिकटवून ओढतात, नंतर स्पिरिटनं सोडवतात. पण आधी रंगवलेल्या पॅनलवर गोंदाबरोबर रंगही येऊ शकतो, हे त्यानं आपणहून सांगायला पाहिजे.

घाईत जोरानं दाबलं तर पत्रा ताणतो आणि मग तेलाच्या डब्याच्या बुडासारखा टॉक-टॉक वाजतो. ते दुरुस्त करणं मूळ पोच्यापेक्षा अवघड.

हप्तेवाला (ठाणे)

क्लेम टाकायचा विचार डोक्यात असेल तर आकडा मांडून बघा. पाच वर्षं क्लेम नसेल तर तुमचा नो क्लेम बोनस ५० टक्के असणार. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी शून्य, मग २०, २५, ३५, ४५ आणि परत ५०. दरवर्षीची तूट ५०, ३०, २५, १५, ५. बेरीज १२५ टक्के. ही सवलत स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, थर्ड पार्टीवर नाही. तो हप्ता सवलतीआधी ६,००० धरला तर ७,५०० रुपये हळूहळू जातात (गाडीची किंमत दरवर्षी उतरते, म्हणून थोडे कमी). सर्व्हिस सेंटरचं बिल जीएसटी धरून ११,२१०. कवठ वेगळी घटना, बाइक वेगळी, म्हणजे दोन क्लेम, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येकी १,००० खिशातून. उरलं काय? दीड-दोन हजार आणि चार दिवस रिक्षा.

शिवाय गाडी विकताना घेणारा हल्ली रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन येतो. बॉनेटवर ३०० मायक्रॉन दिसले की कवठाची गोष्ट सांगून उपयोग नसतो, त्याला अपघातच दिसतो.

नेकारकाठचा (स्टुटगार्ट)

आमच्याकडे जर्मनीत हे काम लोकांना माहीत आहे ते गारांमुळे. १२ जुलै १९८४च्या म्युनिकच्या गारपिटीबद्दल जुने लोक अजून बोलतात. गारा पडून गेल्या की रॉडवाले कारागीर गावोगाव जातात, एखादा हॉल घेतात आणि ओळीने गाड्या करतात. एकेका टपावर शे-दीडशे पोचे. माझ्या गाडीचा टप करायला आतलं छताचं कापड उतरवलं होतं, दीड दिवस लागला. इथे याला सरळ बॉयलेनडॉक्टर, म्हणजे पोच्यांचा डॉक्टर म्हणतात. गारपिटीचा क्लेम टाइलकास्को, म्हणजे अंशतः संरक्षणाच्या विम्यातून होतो आणि त्याने विनाक्लेमची पायरी घसरत नाही. हप्तेवाले, हे वाचून वाईट वाटून घेऊ नका.

कसब्यातली (पुणे)

दहा दिवसांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

ट्यूबलाइटची परीक्षा केली. बॉनेटवर ट्यूब गोलसर वाकून सरळ झाली, दारावर काडकन मोडली. नख कुठेच अडकलं नाही. मग गॅरंटीवाल्याला डेंटरदादांचे तीन प्रश्न विचारले. दुसऱ्यालाच तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काम करून घ्यायचंय की परीक्षा घ्यायचीय?" आणि त्यानेच फोन ठेवला.

मैत्रिणीच्या ओळखीने हडपसरकडचा एक मुलगा मिळाला, असेल अठ्ठावीस-तीसचा. फोटो मागितलेच नाहीत. "गाडी आणा, बघून सांगतो," एवढंच. बॉनेटचे २,०००, दाराचे १,२००, आणि दाराची घडी पूर्ण जाणार नाही हे पैशांच्याही आधी सांगितलं. मी स्टूल घेऊन तिथेच बसले.

त्याने पोच्याच्या पलीकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दिवा उभा केला. रंगात त्या पट्ट्या विहिरीत उतरल्यासारख्या आत वळत होत्या. रॉड एका आकड्यात अडकवून खालून घातला. टोक नेमकं कुठे आहे ते त्यालाही दिसत नाही. तो अगदी हलकं दाबायचा, पट्टीत कुठेतरी मुंगीएवढी टेंगळी उठायची, की टोक तिथे. मग रॉड केसभर सरकवायचा आणि पुन्हा दाबायचा. हाताकडे एकदाही बघितलं नाही, सगळा वेळ नजर पट्ट्यांवर. मधूनच पेनासारखी प्लास्टिकची कांडी टेकवून वर टुक टुक.

माझं माहेर तांबट आळीजवळ. मठारणीचे, म्हणजे तांब्याची भांडी ठोकून घडवण्याचे ठोके ऐकतच मोठी झाले. तिथे घंगाळावर प्रत्येक ठोका उमटायला हवा, ओळीत, एकसारखा. इथे हा मुलगा हजार ठोके घालून एकही उमटू देत नव्हता. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "आमचं काम दिसलं तर पैसे मिळत नाहीत."

पाऊण तासाने पट्ट्या सरळ झाल्या. बॉनेटवर हात फिरवून पोचा कुठे होता ते मला सापडेना. दाराला जवळजवळ तास लागला. घडी पुसट होत होत एक केसाएवढी रेघ उरली आणि तो थांबला. मी म्हटलं, अजून थोडं? त्याने रॉड पुसायला घेतला. "ताई, आता दाबलं तर पत्रा ऐकेल, रंग ऐकणार नाही." उन्हात ती दिसत नाही, ट्यूबखाली माहीत असलेल्यालाच दिसते. दुर्दैवाने मला माहीत आहे.

एक तक्रार आहे डेंटरदादा. आमचे हे आता रोज रात्री ट्यूबखाली डोकं हलवत सोसायटीतल्या गाड्या तपासतात. वॉचमनने दोनदा हटकलं.

उद्यमनगरचा_डेंटर (कोल्हापूर)

पोरगं चांगलं आहे, नंबर जपून ठेवा. साहेबांना इकडं पाठवा, माझ्याकडं एक हात कमीच आहे. आणि गाडी झाडाखालून काढली का?

कसब्यातली (पुणे)

काढली. सध्या तिथे चेअरमनची असते. त्यांना सांगितलं आहे, ते म्हणाले, "इतकी वर्षं पडलं नाही."

मीपण_पुणेकर, गूळ गराइतकाच घ्या, जिरं भाजून घाला. कवठ पुरतं पिकलेलं हवं. दोन फुटांवरून जमिनीवर टाकून बघा, उसळलं तर कच्चं. फक्त गाडीपासून लांब टाका.