कामावरून काढल्याची भरपाई: कोणत्या डॉलरमध्ये?

सर्वांना नमस्कार,
झिम्बाब्वेत, हरारेला माझ्या हाताखाली बारा वर्षं काम केलेल्या सुपरवायझरचा काल फोन आला. त्याला बेकायदा काढलं होतं, हे सिद्ध झालं. २०१८ मध्ये १०,००० अमेरिकन डॉलर भरपाई ठरली. मालकांनी अपील केलं आणि हरले. पैसे हातात पडले डिसेंबर २०१९ मध्ये, तेही १०,००० स्थानिक डॉलर! असं करता येतं का? कोर्टकचेरी जाणणाऱ्यांनी कृपया सांगावं.
– हरारेचा काका

काका, नमस्कार.
दुर्दैवाने करता येतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये झिम्बाब्वे सरकारने नवं चलन आणलं आणि त्याआधीची अमेरिकन डॉलरमधली देणी, मोजके अपवाद सोडून, एकास एक दराने त्यात धरली. बाजारात पहिल्याच दिवशी दर होता एकास अडीच. वर्षअखेर अधिकृत दर १६ च्या पुढे गेला. म्हणजे त्याच्या हाती खरे ६०० डॉलरच आले. जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने झांबेझी गॅस खटल्यात हाच अर्थ कायम केला. तो खटला कामगाराचा नव्हता, पण कोर्टाने आधीच ठरवलेल्या रकमांना तोच नियम लागला.

मला जास्त राग येतो तो विलंबाचा. तिथे आधी ‘कामावर परत घ्या, नाहीतर भरपाई द्या’ असा आदेश होतो. मग भरपाई किती, याची वेगळी सुनावणी. मग वसुलीसाठी निवाडा दुसऱ्या कोर्टात नोंदवायचा. चलन घसरत असताना यातली प्रत्येक तारीख मालकाच्या खिशात पैसे टाकते. ज्याने चूक केली त्यालाच उशिराचा फायदा, हे मला कधीच पटलेलं नाही.
– जोहान्सबर्गहून ताई

ताई, आभार. २००८ ची महागाईही मी तिथेच काढली. २०१५ मध्ये जुन्या झिम्बाब्वे डॉलरमधली खाती मिटवताना रिझर्व्ह बँकेने १७५ वर पंधरा शून्यं एवढ्या शिलकेपर्यंत ५ अमेरिकन डॉलर दिले. तेव्हा बचत गेली, आता निवाडा. त्या सुपरवायझरच्याच एका सोबत्याची रक्कम अजून ठरायची आहे. त्याने काय करावं?
– काका

काका, रक्कम अमेरिकन डॉलरमध्येच मागा. स्थानिक चलनात द्यायची झाली तर ‘पैसे देण्याच्या दिवशीच्या दराने’ हे शब्द आदेशात यावेत, असं अर्जात लिहून घ्या. ‘निकालाच्या दिवशीच्या’ नको. शनिवारी त्याला फोनवर घ्या, कागद पाहते.
– ताई