मदत हवी आहे: कथासंग्रह प्रकाशकाकडे पाठवताना

वेंगुर्लेकर_११
नमस्कार मंडळी. 11 कथा, साधारण 38,000 शब्द. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद मालवणीत. टायपिंग श्रीलिपी या फॉन्ट-सॉफ्टवेअरमध्ये झालंय. तीन कथा दिवाळी अंकांत येऊन गेल्यात. एका प्रकाशकाने करारनामा पाठवलाय, त्यात 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' आणि 'लेखकाने 300 प्रती घ्याव्यात' असं आहे. सही करू का? दुसरीकडे पाठवायचं तर कसं?

खिळेजुळारी
आधी फाइल. श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर दिसेल अशा अक्षरांत आणल्याशिवाय कुठेच पाठवू नका. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला तर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरमधून काढल्यावर 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' आणि 'कुऱ्हाड'चं 'कुर्हाड' झालेलं असू शकतं. वर्डमध्ये 'र्य' आणि 'र्ह' शोधा, पण एकदम 'सगळे बदला' दाबू नका, नाहीतर 'सूर्य' आणि 'कार्य'ही बिघडतील. एकेक बघत जा. तुमच्या कथांत किनारा असणारच, म्हणजे 'किनाऱ्यावर' पानोपानी निघेल! टाइप करताना नुक्त्याचा ऱ, हलन्त, मग य.

वर्ड फाइल आणि पीडीएफ दोन्ही जोडा. पीडीएफ नुसती मूळ रूप ताडून बघायला, काम वर्डवरच होतं.

मालवणीसाठी एक पानी शब्दयादी सोबत द्याच. 'खंय' की 'खय', 'माका' की 'माकां', जे ठरवाल ते अकराही कथांत तेच ठेवा. यादी नसेल तर मुद्रितशोधक 'इलंय'चं 'आलंय' करून मोकळा होतो, आणि चूक त्याची नसते, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. शेवटी शब्दार्थ द्यायचे तर दोन पानं पुरेत. प्रत्येक संवादाला कंसात अर्थ नको, वाचक तेवढा बावळट नसतो.

बांधणी_खाते
कराराबद्दल. आत्ता सही नको. 'सर्व हक्क' म्हणजे अनुवाद, ऑडिओ, ई-बुक, चित्रपट, सगळंच गेलं. छापील मराठी आवृत्तीपुरताच हक्क द्या, बाकीचे स्वतःकडे ठेवा. कॉपीराइट कायदा 1957, कलम 19 वाचा: हस्तांतरण लेखी लागतं. मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच. दिलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, मात्र करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. म्हणून मुदत, आवृत्तीची प्रतिसंख्या, रॉयल्टीचा टक्का आणि तो छापील किमतीवर की प्रत्यक्ष वसुलीवर (विक्रेत्यांची सूट वजा जाता हाती येणाऱ्या रकमेवर), या चारही गोष्टी कागदावर हव्यात. वसुलीवरचा टक्का कानाला मोठा लागतो, हातात कमी येतो.

300 प्रती घ्यायच्या म्हणजे छपाईचा खर्च तुमच्याच खिशातून. त्यात गैर काही नाही, पण मग त्याला स्वखर्चाचं प्रकाशन म्हणा आणि हिशेबही तसाच मागा. डेमी, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या आकारात पानाला 260-270 शब्द धरले तर तुमचं पुस्तक 145 पानांच्या आसपास. अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका धरून 160, म्हणजे 16 पानी 10 फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा एक संच). हा आकडा सांगून जवळच्या प्रेसमधून दर काढा आणि प्रकाशकाच्या आकड्याशी ताडून बघा. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे वेगळे पैसे मागितले तर विचारा कशाचे, भारतात तो विनामूल्य मिळतो.

पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. अटी त्यांच्या चालू सूचनेत बघा.

वेंगुर्लेकर_११
खूप आभार. ई-मेलमध्ये काय लिहू? आणि छापलेल्या तीन कथा?

खिळेजुळारी
त्या तीन कथांखाली अंकाचं नाव आणि वर्ष टाका. हक्क तुमच्याकडेच आहेत ना, याची खात्री त्या त्या संपादकांकडून लेखी करून घ्या. विषयाच्या ओळीत 'कथासंग्रह, 11 कथा, 38,000 शब्द' एवढंच. आत: 'सप्रेम नमस्कार. संग्रहाचं हस्तलिखित जोडलं आहे. संवाद मालवणीत आहेत, शब्दयादी सोबत आहे. तीन कथा पूर्वप्रसिद्ध आहेत. आपल्याला योग्य वाटल्यास कळवावे.' मग नाव, पत्ता, फोन. 'माझ्या आईने कौतुक केलं' वगैरे नको. फाइलचं नाव 'फायनल_फायनल_2' नको, आडनाव आणि शीर्षक घाला. दोन महिन्यांनी त्याच मेलच्या उत्तरात एक ओळीची आठवण. फोन मात्र दिवाळीच्या तोंडावर करू नका, अंक काढणाऱ्या प्रकाशकाला तेव्हा मान वर करायला फुरसत नसते.