घरी केलेलं घट्ट अत्तर पर्समध्येच वितळलं, काय चुकलं असेल?

पर्वरीची शमा
नमस्कार मंडळी. चवथीला वहिनीला आणि आतेला काहीतरी हातचं द्यायचं म्हणून डबीतलं घट्ट अत्तर करून बघितलं. मधमाशीच्या मेणाच्या बारीक गोळ्या दोन चमचे, खोबरेल दोन चमचे, डबल बॉयलरवर (म्हणजे उकळत्या पाण्यावर दुसरं भांडं ठेवून) वितळवलं आणि त्यातच लव्हेंडर, लिंबू आणि चंदन मिळून सात-आठ थेंब इसेन्शियल ऑइल टाकून अजून पाच मिनिटं ढवळत बसले. फ्रीजमध्ये मस्त सेट झालं हो, पण डबी पर्समध्ये टाकून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाऊन आले तोवर नुसतं पचपचीत मलम, आणि वास म्हणाल तर मेणाचाच. चंदनाचं तेल काय स्वस्त येतं का, रडायचीच बाकी होते. आणि एक, आमच्या परसात मोगरा आहे, त्याचा वास यात उतरवता येईल का?

कुळागरातला
शमाताय, खोबरेल २४ अंशाला वितळतं, म्हणजे आपल्या गोव्यात ते जवळपास वर्षभर पातळच. व्हिडिओत थंड देशातली बाई दाखवते ते पांढरंशुभ्र घट्ट खोबरेल आपल्याकडे फक्त फ्रीजमध्येच दिसायचं. मेण साधारण ६२ ते ६४ अंशाला वितळतं, तेव्हा घट्टपणा सगळा त्याच्याच जिवावर. आणि चमच्याने मोजलंत तिथे फसलात, गोळ्यांच्या मधे हवा असते, दोन चमचे मेण वजनात दोन चमचे तेलापेक्षा बरंच कमी भरतं. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घ्या. मी पावसाळ्यात १० ग्रॅम मेणाला १५ ग्रॅम तेल घेतो, एप्रिल-मेमध्ये दोन्ही समसमान, मग बोट जरा जोरात घासावं लागतं एवढंच. खोबरेलाला स्वतःचाही वास असतो, जोजोबाच्या बियांचं तेल मिळालं तर उत्तम, लवकर खवट होत नाही. केलेलं फेकू नका, परत वितळवून मेण वाढवा.

वाळ्याचा वेडा
वासाचं सांगतो. वीस थेंब म्हणजे अंदाजे १ मिली, म्हणजे तुमचे सात-आठ थेंब अर्धा मिलीसुद्धा नाहीत, मेणाचा मधाळ वास त्यांना गिळून टाकणारच. २० ग्रॅमच्या डबीला मी वीस-पंचवीस थेंब तरी घालतो. पण शेगडीवर असताना नाही!! भांडं खाली उतरवून, कडेला जरा पांढरट व्हायला लागलं की घालायचं, भराभर ढवळायचं आणि डबीत ओतून मोकळं व्हायचं. तुमचं लिंबू त्या पाच मिनिटांत हवेत गेलं, लिंबू-संत्र्याचे वास सगळ्यात आधी उडतात, चंदन आणि वाळा मागे राहतात. मला विचाराल तर आपल्या घामट हवेत वाळ्यासारखं दुसरं काही नाही, पण हे आपलं माझं मत.

बाटलीवर कोल्ड प्रेस्ड (न तापवता सालीतून पिळून काढलेलं) लिंबू किंवा बर्गमॉट (लिंबा-संत्र्याच्या जातीचं फळ) लिहिलेलं असेल तर ते लावून उन्हात जाऊ नका, ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत. लवंग-दालचिनीचं तेलही झोंबतं. द्यायच्या आधी कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस बघा.

फातीवाली
मोगऱ्याचं मी सांगते. मोगरा वाफेला टिकत नाही, त्याचा अर्क सॉल्व्हंटने काढतात आणि तो भयंकर महाग असतो, त्यामुळे मोगऱ्याचं इसेन्शियल ऑइल म्हणून स्वस्तात मिळतं ते बहुतेक बनावटी सुगंधच समजा. (लावायला वाईट नाही, फक्त फसू नका.) उत्तरेत जौनपूरकडे चमेलीचं तेल करताना तिळात फुलांचे थर देऊन, फुलं रोज बदलून मग त्या तिळाचं तेल काढतात. घरी तिळाच्या तेलात करून बघा, संध्याकाळी उमलत आलेल्या कळ्या, देठ काढून, पाणी अजिबात नको नाहीतर बुरशी. दुसऱ्या दिवशी गाळून नवीन कळ्या, असं आठ-दहा वेळा. वास येतो पण हलकाच, गजऱ्याची अपेक्षा ठेवू नका. मी सुरंगीवर पण करून बघितलंय, अर्धी टोपली फुलं गेली आणि सासूबाई अजून ऐकवतात.

पर्वरीची शमा
देव बरें करूं सगळ्यांना!! परत वितळवलं, काट्यावर मेण वाढवलं, वीस थेंब शेवटी घातले. दोन दिवस झाले, डबी खिडकीत आहे आणि अजून घट्ट आहे. आता एकच, मेण लागलंय ते आईचं तूप कढवायचं भांडं आहे, साबणाने हलत नाही.

कुळागरातला
साबणाने हलायचं पण नाही. भांडं परत गरम करा आणि मेण पातळ असतानाच जुन्या पेपराने पुसा, हात सांभाळून. मोरीत मात्र ओतू नका, नळीत जाऊन बसलं की प्लंबर शोधत फिराल. आणि आईला नवीन भांडं घेऊन द्या.