अनुभव धागा : ख्रिस्ती मित्रांशी देवाबद्दल वाद घालताना

आपल्याकडच्या नास्तिकाची तालीम बहुतेक वेळा हिंदू घरातल्या प्रश्नांवर झालेली असते : मुहूर्त, पत्रिका, सोवळं, श्राद्ध. समोर ख्रिस्ती माणूस बसला की ही तयारी उपयोगी पडत नाही. पत्रिका तोही मानत नाही. तो विचारतो, "येशूची कबर रिकामी कशी झाली?" आणि आपण गडबडतो.

म्हणून हा धागा. कुठला मुद्दा समोर येतो, त्याला नेमकं काय उत्तर द्यायचं आणि आपल्या बाजूचं कुठे फसतं, एवढं लिहा. किस्से नकोत, रीत सांगा. धर्मांतराचं राजकारणही इथे नको. प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.

पाणवठा

सुरुवात एका प्रश्नाने करा : "तुमचं चर्च कोणतं?" वसईचा कॅथलिक, नगरकडचा सीएनआयवाला (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) आणि दर रविवारी हॉलमध्ये भरणाऱ्या पेंटेकोस्टल सभेतला माणूस, या तिघांशी तीन वेगळे वाद असतात. कॅथलिकांचं बायबल ७३ पुस्तकांचं, प्रोटेस्टंटांचं ६६. कॅथलिक माणूस शास्त्राइतकंच परंपरेलाही मानतो, त्यामुळे दोन वचनांमधली विसंगती दाखवून तो फारसा हलत नाही.

उत्क्रांतीचंही तसंच. उत्क्रांतीच्या अभ्यासाला पोप पायस बारावे यांनी १९५० मध्येच वाट मोकळी ठेवली होती. १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी ती निव्वळ गृहीतकाच्या पलीकडे गेल्याचं मान्य केलं. महास्फोटाच्या कल्पनेचा एक जनक, जॉर्ज लमेत्र, स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. अशा माणसापुढे डार्विन काढून काही साधत नाही.

मग आणखी दोन प्रश्न. बायबलमध्ये एकही चूक नाही असं मानता का? आणि तुमचा विश्वास मुख्यतः कशावर उभा आहे? दुसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत वाद सुरूच करू नये. उत्तर आलं की विचारा, "हे कारण उद्या चुकीचं ठरलं तर विश्वास किती कमी होईल?" "काहीच नाही" असं उत्तर आलं तर ते खरं कारण नव्हे, ते खोडत बसू नका. खरं कारण बहुतेक वेळा घर, आई, आजारपणातली प्रार्थना यांच्याजवळ कुठेतरी असतं. तिथे आवाज खाली हवा.

सदाफुली

आपल्या बाजूचे खोटे दाखले आधी फेकून द्या. वाचलेला ख्रिस्ती माणूस यातला एक पकडतो आणि मग तुमचं खरंही कोणी ऐकत नाही.

"बायबलची पुस्तकं नायसियाच्या परिषदेत मतदानाने ठरली." चूक. ३२५ च्या बिशपांच्या त्या परिषदेत वाद होता ख्रिस्ताच्या स्वरूपाचा. नव्या कराराची आजची २७ पुस्तकांची यादी जशीच्या तशी दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ मधल्या पत्रात.

"येशू नावाचा माणूस झालाच नाही." इतिहासाचे बहुतेक अभ्यासक, त्यात श्रद्धा नसलेलेही आले, हे मानत नाहीत. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याच्या इतिहासग्रंथाच्या विसाव्या खंडात "येशूचा भाऊ याकोब" असा उल्लेख आहे. अठराव्या खंडातला मोठा उतारा मात्र नंतर कोणीतरी फुगवलेला आहे, हे ख्रिस्ती अभ्यासकही मान्य करतात. माणूस होऊन गेला हे मान्य केल्याने आपलं काहीच जात नाही, वाद चमत्काराचा आहे.

"मिथ्रही कुमारीच्या पोटी जन्मला." रोमन साम्राज्यात पूजला जाणारा हा देव तर खडकातून जन्मतो. आणि आपल्याकडचं खास : "ख्रिस्त म्हणजे कृष्णच." ख्रिस्तोस म्हणजे ग्रीकमध्ये अभिषिक्त, हिब्रू मशीहाचं भाषांतर. कृष्ण म्हणजे काळा. या दोन शब्दांचा संबंध नाही.

उंबरठा

पुनरुत्थानावर, म्हणजे येशू मेल्यावर पुन्हा उठला या दाव्यावर, जरा सविस्तर लिहितो, कारण खरा वाद तिथेच आहे.

समोरून पहिला दाखला येतो पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १५ : येशू केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, बारा जणांना दिसला, मग पाचशेहून अधिक बांधवांना एकाच वेळी दिसला. पत्र साधारण इ.स. ५५ च्या आसपासचं, म्हणजे जुनं आहे, हे मोकळेपणाने मान्य करा. मग पान उघडून सोबत वाचा. त्या पाचशेंपैकी एकाचंही नाव नाही, ठिकाण नाही. येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांत हा प्रसंग नाही. पाचशे जणांच्या साक्षी आपल्या हातात नाहीत. पाचशे जणांनी पाहिलं असं सांगणारी एका माणसाची एक ओळ आहे.

त्यानंतर मार्क, अध्याय १६. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे सर्वांत जुनं शुभवर्तमान, इ.स. ७० च्या आसपासचं. सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत ते आठव्या ओवीला संपतं : स्त्रिया घाबरून पळतात, कोणाला काही सांगत नाहीत. ९ ते २० या ओव्या तिथे नाहीत. बऱ्याच छापील बायबलांत त्या कंसात असतात किंवा खाली टीप असते. ती टीप मित्रालाच वाचू द्या.

इथे आपली नेहमीची चूक : "सगळ्यांना भास झाला असेल" किंवा "प्रेत चोरलं असेल" असं ठामपणे सांगणं. मग तो सिद्ध करायचा बोजा आपल्या डोक्यावर येतो. "काय घडलं ते मला माहीत नाही, आणि एवढ्या पुराव्यावर मेलेला माणूस उठला असं म्हणता येत नाही" एवढंच म्हणा आणि तिथेच थांबा.

"इतके साक्षीदार चुकतील का?" याला २१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. लाखो साक्षीदार, टीव्हीचे कॅमेरे, आणि साक्षीदार आजही हयात. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं : चमचा सोंडेला टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरतं. ख्रिस्ती मित्र हा चमत्कार मानत नाही. का मानत नाही, ते त्याला सांगू द्या, मधे बोलू नका. तो देईल ती कारणं लिहून घ्या आणि त्याच कसोट्या पंधराव्या अध्यायाला लावायला सांगा.

"शिष्य खोट्यासाठी जीव देतील का?" जब्दीच्या मुलाचा, याकोबाचा वध प्रेषितांची कृत्ये १२:२ मध्ये आहे. येशूच्या भावाचा जोसेफसमध्ये. पेत्र-पौलाबद्दल जुनी परंपरा आहे. बाकीच्यांच्या बऱ्याच कथा फार उशिराच्या. आणि प्रामाणिक माणूसही चुकतो. त्यांना खोटारडं म्हणायची गरजच नाही.

गोरखचिंच

कलाम युक्तिवाद : जे अस्तित्वात येतं त्याला कारण असतं, विश्व अस्तित्वात आलं, म्हणून त्याला कारण आहे. मूळ मुस्लिम तत्त्वज्ञांचा, ख्रिस्ती तत्त्वज्ञ विल्यम लेन क्रेग यांनी १९७९ पासून तो ख्रिस्ती वादात रुजवला.

"मग देवाला कोणी केलं?" हे उत्तर इथे लागत नाही. पहिल्या वाक्यात "जे अस्तित्वात येतं" असं मुद्दाम घातलेलं आहे, आणि देव कधी अस्तित्वात आला नाही असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवा. तिथे बोर्ड-गुथ-विलेंकिन या भौतिकशास्त्रज्ञांचं २००३ चं प्रमेय पुढे येतं. ते एवढंच सांगतं की सरासरीने प्रसरण पावणारं विश्व भूतकाळात अमर्याद मागे नेता येत नाही. त्या टोकाला काय होतं आणि त्याला कर्ता होता का, यावर ते काहीच बोलत नाही. आणि तिन्ही वाक्यं मान्य केली तरी हाती लागतं "कारण". त्या कारणाला इच्छा आहे, ते प्रार्थना ऐकतं, नाझरेथच्या सुताराच्या रूपाने आलं, हे सगळं वेगळं सिद्ध करावं लागतं. वेळ तिथे द्या.

पाणवठा

दुःखाच्या प्रश्नाबद्दल राहिलं. "चांगला, सर्वशक्तिमान देव आणि दुःख एकत्र असूच शकत नाहीत" हा नास्तिक तत्त्वज्ञ मॅकी यांचा १९५५ चा मुद्दा. ख्रिस्ती तत्त्वज्ञ प्लांटिंगा यांनी इच्छास्वातंत्र्याच्या (माणूस मोकळा आहे म्हणून वाईटही निवडू शकतो) आधारे त्याला दिलेलं उत्तर बरेच नास्तिक तत्त्वज्ञही मान्य करतात. म्हणून नास्तिक तत्त्वज्ञ विल्यम रो यांचं याच मुद्द्याचं १९७९ चं रूप वापरा : जंगलातल्या वणव्यात होरपळलेलं हरणाचं पाडस दिवसेंदिवस तडफडून मरतं, कोणाला कळतही नाही. हे अशक्य आहे असं म्हणू नका. "यातून काही भलं होत असेल, असं मानायला कारण काय?" असं विचारा. पाडसाला इच्छास्वातंत्र्याचा मुद्दा लागू होत नाही, म्हणून उदाहरण तेच ठेवा.

ज्याच्या घरात नुकतंच कोणी गेलं आहे त्याच्याशी हा विषय काढायचा नाही. कधीच नाही.

तिठा

प्रार्थनेने बरं होण्यावर : २००६ साली प्रसिद्ध झालेला हृदयशस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवरचा अमेरिकी प्रयोग पाठ ठेवा. प्रार्थना होईल की नाही हे माहीत नसलेल्या दोन गटांपैकी ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांच्यात गुंतागुंत ५२ टक्के, ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात ५१ टक्के. आपल्यासाठी प्रार्थना नक्की होणार हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्यात ५९. यातून "देव नाही" निघत नाही. "प्रार्थनेने आजार बरा होतो, हे तपासता येतं" एवढाच दावा यात तपासला आहे.

आता कायदा. २०१२ मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ला भागातल्या चर्चपाशी क्रूसावरच्या मूर्तीच्या पायातून पाणी ठिबकू लागलं. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जागा पाहून कारण सांगितलं : जवळचा नाला तुंबलेला, पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढून खिळ्याच्या भोकातून बाहेर येतं. टीव्हीवरच्या चर्चेनंतर त्यांच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम २९५अ (धार्मिक भावना दुखावणं) खाली तक्रारी झाल्या आणि त्यांना फिनलंडला जावं लागलं. हेच कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९ आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र, अजामीनपात्र. त्यात हेतू दुष्ट असावा लागतो, पण तक्रार नोंदवली जाताना ते कोणी तपासत नाही. म्हणून लिहिताना दाव्यावर लिहा. येशू, मरिया, धर्मगुरू यांच्यावर विशेषणं नकोत. पाण्याची वाट दाखवा, पाणी चाखणाऱ्यांची टवाळी करू नका. नालीचा फोटो आणि तारीख ठेवा.

सदाफुली

तिठा यांच्या मुद्द्याला जोडून. ख्रिस्ती श्रद्धेवर लिहिलं की आपल्याकडे टाळ्या वाजवायला वेगळीच मंडळी येतात, ज्यांना चमत्काराशी नव्हे, ख्रिस्त्यांशीच भांडायचं असतं. त्यांना त्याच पानावर थांबवा : चमत्काराची कसोटी गणपतीला, बाबांना, पीराला तीच. हे आपण सलग आणि उघड केलं नाही, तर ख्रिस्ती वाचक आपल्याला नास्तिक समजणार नाही, आणि त्याचं चुकणारही नाही.

उंबरठा

कुठलं बायबल घ्यावं असं एकाने विचारलं होतं. मित्राच्या घरात जे आहे तेच. इंग्रजी नको, मराठीत तो ज्या शब्दांनी प्रार्थना करतो त्याच शब्दांवर बोलणं व्हावं. बसण्याआधी दोन कागदाच्या चिठ्ठ्या घाला, एक मार्क १६ ला आणि एक करिंथकरांस पहिलं पत्र १५ ला. एका बैठकीत याहून जास्त होत नाही. एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर उडी पडायला लागली की पहिल्या चिठ्ठीचं पान उघडून परत तिथे या.