मदत हवी आहे: आईला शॉक द्यायला सांगितलंय, उद्या सकाळी कळवायचंय

तिखटशेंगा: डॉक्टर म्हणतात आईला डोक्याला विजेचे शॉक (ECT) द्यावे लागतील, 6 ते 8. सोलापुरात करावं की पुण्याला न्यावं? ज्यांच्या घरात झालंय त्यांनीच सांगा. धाकटा भाऊ सहीला तयार नाही.

बाळेकर: कशासाठी? वय काय? आजाराचं नाव, चालू गोळ्या, काहीच लिहिलं नाहीस की.

विजापूरवेस: अजिबात देऊ नका. आमच्या चुलत्यांना 84 साली दिले होते. चौघांनी हातपाय धरले होते, मी बाहेरून आवाज ऐकलाय. नंतर त्यांना स्वतःच्या मुलीचं लग्न झालेलं आठवेना.

भूलघर: काका, ते बिनभुलीचे दिवस होते. मी ऑपरेशन थिएटरात टेक्निशियन आहे. आता शिरेतून भूल, मग स्नायू सैल करणारं इंजेक्शन, तोंडात रबराचा गार्ड. विजेने आणलेली फिट मेंदूत येते, मिनिटाच्या आत संपते, बाहेरून पायाचा अंगठा हलताना दिसला तर दिसला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात भुलीशिवाय द्यायला बंदीच आहे.

विजापूरवेस: कायदा कागदावर. आठवण जाते की नाही ते सांगा.

भूलघर: जाते. उपचाराच्या आसपासच्या दिवसांची बहुतेक जाते, काही महिन्यांत बरीचशी परत येते. काहींची थोडी कायमची पुसली जाते, हे लपवत नाही. डोकं दुखतं, जबडा दुखतो, तासभर गोंधळ असतो.

इतिहासकट्टा: हा उपचार 1938 मध्ये रोममध्ये सुरू झाला. चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी. त्याआधी औषध टोचून फिट आणत असत. म्हणजे फिटने आजार हलतो हे विजेच्या आधीपासून माहीत होतं.

बाळेकर: साहेब, त्याची आई आजारी आहे, परीक्षा नाही.

तिखटशेंगा: वय 61. वडील गेल्यापासून असं. दोन महिने गोळ्या, फरक शून्य. म्हणते पोटात आतडीच राहिली नाहीत, कुजून गेली, भाकरी जाणार कुठं. नऊ दिवस नुसतं पाणी आणि चमचाभर ताक. बीपीची गोळी आहे. झोपेसाठी लोराझेपाम.

बाळेकर: अरे, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंस! नऊ दिवस पोटात अन्न नाही म्हणजे गोळी बदलून तीन-चार आठवडे वाट बघायला वेळच नाही. अशा भ्रमासकट आलेल्या नैराश्यावर आणि जेवण तोडलेल्या पेशंटला शॉक लवकर लागू पडतात. माझ्या मेव्हणीने चौथ्यानंतर स्वतः वरण-भात मागितला.

भूलघर: लोराझेपामचं डॉक्टरांना आज रात्रीच विचारा, त्याने फिट नीट येत नाही. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका. बीपीची सकाळची गोळी घ्यायची का तेही विचारा. रात्रीपासून उपाशी.

स्वामीभक्त: आधी अक्कलकोटला नेऊन आणा. चाळीस किलोमीटर तर आहे.

बाळेकर: दर्शन नंतर. सलाईन आधी.

हुतात्माप्रवासी: पुण्याला आठवड्यातून दोन-तीनदा कसं नेणार? अडीचशे किलोमीटर, तेही उपाशी माणसाला? भूलतज्ज्ञ आणि ऑक्सिजनची सोय असेल तर इथंच करा. बाकी पुण्यात डबा घरगुती मिळतो, नंबर हवाय का?

विम्याचंबोला: पॉलिसी आहे का? त्याच कायद्यात मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचं बंधन आहे. क्लेम नाकारला तर लेखी मागा.

विजापूरवेस: आणि संपल्यावर? परत पहिल्यासारखं झालं तर?

भूलघर: होऊ शकतं. म्हणून नंतर गोळ्या सोडायच्या नाहीत, बरं वाटलं तरी. हा तुमचा प्रश्न बरोबर आहे.

तिखटशेंगा: भावाला आईजवळ बसवलं. तिनं त्याला विचारलं, "मला आतडीच नाहीत, तर भूल कुठं लागणार रे?" तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, कागद आण. सकाळी सातला बोलावलंय. लोराझेपामचं विचारलं, आज रात्रीची देऊ नका म्हणाले.

भूलघर: कवळी आहे का त्यांना? असेल तर आत नेण्याआधी काढून घे.

तिखटशेंगा: आहे. खालची.