शेख तूसी : कुरआन एकाच रूपात अवतरला, तर पठणभेद मान्य कसे?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांची टिपणे काढता काढता मी शिया विद्वान शेख तूसी (९९५–१०६७) यांच्या ‘अत्-तिब्यान’ या कुरआनावरील भाष्याच्या प्रस्तावनेकडे वळलो. कुरआन एकाच रूपात, एकाच पैगंबरांवर अवतरला, हे आपल्या पंथातले प्रसिद्ध मत असल्याचे ते सांगतात. मात्र पाठकांमध्ये, म्हणजे कुरआनाचे पठण शिकवणाऱ्या जाणकारांमध्ये, रूढ असलेल्या निरनिराळ्या पद्धतींनी पठण करण्यास मुभा आहे, असेही लगेच नोंदवतात. ही दोन विधाने एकत्र कशी नांदतात? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तसा एकच पाठ तूसींनी का ठरवला नाही?

उत्तर (मुंब्रा)

आपली तुलना मला अर्धीच पटते. एकनाथांपुढे नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ होते, तर तूसींपुढे गुरुशिष्यपरंपरेने मुखोद्गत चालत आलेली पठणे होती. कुरआनाच्या पहिल्या अध्यायात, फातिहामध्ये, आसिम आणि किसाई हे पाठक ‘मालिक’ म्हणतात, म्हणजे निवाड्याच्या दिवसाचा स्वामी. इतर बहुतेक पाठक ‘मलिक’ म्हणतात, म्हणजे राजा. तूसी दोन्ही रूपे व्याकरणाच्या आणि अर्थाच्या अंगाने तपासतात. एकच पठण निवडून बाकीची बाजूला सारणे आपल्या विद्वानांना नापसंत होते, मात्र त्यांनी ते निषिद्ध ठरवले नाही, असे ते लिहितात. अवतरणाविषयीचे मत आणि पठणाची परवानगी हे त्यांच्या लेखी दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मला तरी यात विसंगती दिसत नाही.

उत्तर (वाशी)

त्याच प्रस्तावनेतला पुढचा भागही अवश्य वाचावा. पैगंबर आणि इमाम (शिया पंथ मानतो ते पैगंबरांचे उत्तराधिकारी) यांच्या वचनांवाचून कुरआनाचा अर्थ लावूच नये, अशा आशयाच्या परंपरेने चालत आलेल्या कथनांचा शब्दशः अर्थ तूसी स्वीकारत नाहीत, कारण कुरआन स्वतःला स्पष्ट अरबीतला ग्रंथ म्हणवतो. ते अर्थाचे चार प्रकार करतात. कयामतीची वेळ केवळ अल्लाहलाच ठाऊक; काही वचने भाषा जाणणाऱ्या कोणालाही कळतात; नमाजची आज्ञा कुरआनात आहे, पण तिच्या रकातींची (नमाजातील आवर्तनांची) संख्या पैगंबरांकडूनच समजते; आणि अनेकार्थी शब्दांच्या बाबतीत पुराव्याशिवाय एकच अर्थ ठामपणे सांगता येत नाही.

कुरआनात भर पडली किंवा काही गळले, या समजाबाबतही ते असेच काटेकोर आहेत. भर पडलेली नाही यावर एकमत असल्याचे ते सांगतात; गळतीची कथने एकेकट्या कथनकारांची असल्याने त्यांतून निश्चित ज्ञान मिळत नाही, म्हणून ती बाजूला ठेवावीत, असे ते म्हणतात. त्यांचे गुरू शरीफ मुर्तझा यांनीही याच मताचा पुरस्कार केला होता.