मुलांच्या कॅम्पला झिपलाइन लावायचीय, सेफ्टीसाठी नक्की काय बघू?

मुलुंडचा_ट्रेकर:
नमस्कार मंडळी. आमचा ग्रुप दिवाळीच्या सुट्टीत कर्जतजवळ एका फार्महाऊसवर मुलांचा कॅम्प घेतो, यावेळी पोरांनी झिपलाइनचा, म्हणजे उतरत्या वायरवर पुलीला लटकून पलीकडे सरकत जायचा हट्ट धरलाय. मधे ओढा, दोन्ही काठांना मोठी आंब्याची झाडं, अंतर शंभरेक मीटर. सामान भाड्याने देणारा एक जण म्हणतो दोन तासांत लावून देतो, टेन्शन घेऊ नका. पण पोरं लोकांची आहेत, मला टेन्शन आहेच. ज्यांनी लाइन चालवलीय त्यांनी प्लीज सांगा, खरा धोका कुठे असतो?

दोरखंड_दादर:
सगळे वायर तुटेल म्हणून घाबरतात, पण माणूस जास्त करून लागतो तो उतरायच्या टोकाला. झाडाला गादी बांधली आणि एक जण झेलायला उभा केला याला ब्रेक म्हणत नाहीत. मेन ब्रेक असा हवा की मुलाने काहीही केलं नाही तरी तो थांबलाच पाहिजे, आणि तो फेल झाला तर पकडणारा दुसरा, वेगळा ब्रेक. वजनदार माणूस वेगात येतो, मागून वारा असेल तर अजून वेगात, हलकं पोर मात्र समोरच्या वाऱ्याने मधेच थांबतं. म्हणून सगळ्यात जड आणि सगळ्यात हलक्या वजनाच्या वाळूच्या गोण्या आधी सोडून बघा, आणि कमीत कमी-जास्तीत जास्त वजन ठरवून काट्यावर मोजूनच चढवा, अंदाजाने नाही.

ठाणे_क्लायंबर:
वरच्याशी सहमत, पण आंब्याच्या झाडांचं मला जास्त वाटतं. वायर जेवढी टाइट तेवढा अँकरवर, म्हणजे ती जिथे बांधलीय त्या झाडावर लोड जास्त. शंभर मीटरला मधे पाच मीटर झोळ असेल तर ८० किलोचा माणूस मधे असताना ताण साधारण ४०० किलो येतो, झोळ दोनच मीटर ठेवला की तोच १००० किलो, आणि हे हिसके न धरता. आतून पोकळ झाड बाहेरून मस्त हिरवंगार दिसतं, त्यामुळे जाणकाराने तपासल्याशिवाय आणि मागे बॅकअप अँकर असल्याशिवाय नको. वायरचं टोक दुमडून आवळणारे यू-क्लिप बघा, त्यातलं खोगीर (खाचेचा जाड तुकडा) वजन घेणाऱ्या वायरवर आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर, खूप ठिकाणी उलटं लावलेलं असतं. हार्नेसची (अंगाला बांधायच्या पट्ट्यांची) शिलाई हाताने चाचपा, उन्हाने रंग उडून कडक झालेला पट्टा सरळ बाजूला टाका.

मुलुंडचा_ट्रेकर:
बापरे, एवढं डोक्यातच नव्हतं. आणि कोणी मधेच अडकलं तर?

दोरखंड_दादर:
तेच विचारणार होतो. रेस्क्यूची दुसरी पुली, दोर आणि ते वापरता येणारा माणूस लाइन सुरू असेपर्यंत जागेवरच हवा, गावातून बोलवायचा नाही. हार्नेसमधे हालचाल न करता लटकून राहिलं की रक्त पायात साठतं, माणूस बेशुद्ध पडू शकतो, म्हणून घाई महत्त्वाची. वरचा आणि खालचा इन्स्ट्रक्टर वॉकीटॉकीवर, खालून 'क्लिअर' आल्याशिवाय वरून कोणी सुटणार नाही. मुलाला वरून सोडणाऱ्याने कॅराबिनरचं (हार्नेस पुलीला अडकवायच्या कडीचं) लॉक स्वतः हात लावून चेक करायचं, केस, ओढण्या आत. ढग गडगडले की बंद, पोरं कितीही रडू देत.

पनवेल_अवखळ:
एक राहिलं, राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मधे आलंय, त्यात असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे. त्या माणसाकडे सर्टिफिकेट आणि इन्शुरन्सचे कागद मागा.

मुलुंडचा_ट्रेकर:
मागितले. म्हणाला एवढं कोणी विचारत नाही, दुसरा ब्रेक म्हणजे काय तेही धड सांगता येईना. त्याला नाही म्हटलंय. आता नोंदणी असलेल्या कॅम्पसाइटवरच मुलांना न्यायचं बघतोय, खोपोली-कर्जत पट्ट्यात कुठे चांगले इन्स्ट्रक्टर असतील तर मेसेज टाका.